फोटोतलं काळीज

"श्वास आत ओढा आणि तसाच धरून ठेवा," फोटोवाला म्हणाला.

मैनेला हसूच आलं. धरून ठेवण्याइतका श्वास असता तर मिठागर सोडून ती अलिबागच्या दवाखान्यात कशाला आली असती?

"मना नाय धरवत, दादा."

तरी तिसऱ्या खेपेला त्यानं छातीचा फोटो काढलाच.

एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं. घरात सगळ्यांना क्षयाची भीती होती. मैनेची भीती वेगळीच. फोटोत काहीच निघालं नाही तर? मग ती खरोखरच कामचुकार ठरणार होती.

लग्न झाल्यापासून वीस वर्षं ती हेच ऐकत आली होती. मिठागराचा बांध जेमतेम हातभर रुंद. डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन बायका त्यावरून रांगेनं चालायच्या. मैना मध्येच मटकन बसली, की मागची सगळी रांग ओझ्यासकट खोळंबायची. मग सासूचा, आवडाबाईचा आवाज यायचा, "ऊठ गो! सोंगं करते!" पुढे मोतीबिंदूनं म्हातारीची नजर गेली. तोंड मात्र शाबूत राहिलं.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला. "हे तुमचं हृदय. एवढं मोठं नसतं, बाई. आवाजावरून आतल्या पडद्याला भोक असावं, जन्मापासूनचं. नक्की कळायला मुंबईला जावं लागेल. तिथं हातातून नळी घालून बघतात."

"जल्मापासनं? म्हंजे मी लग्न होऊन आलू, तवाबी होतं?"

"होतं."

मैना रडायला लागली. घाबरली असेल, म्हणून डॉक्टर धीर देऊ लागले. पण तिला बरं वाटत होतं, वीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्यानं, बुधाजीनं, मान खाली घातली.

घरी आल्यावर त्यानं फोटो आईच्या हातात दिला. "आये, मैनेचं काळीज हाय यात. भोक हाय त्याला."

म्हातारीनं तो गुळगुळीत तुकडा दोन्ही बाजूंनी चाचपला. "मना काय दिसतं त्यात?"

मैनेनं तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आत मांजर घुरघुरावं तशी थरथर चालली होती. म्हातारीचा हात तिथंच थांबला.

"हे कवापासनं गो?"

"जल्मापासनं, आत्ये."

आवडाबाईनं चाचपडत सरकून घोंगडीवर जागा केली.

"बस," ती म्हणाली. "बस गो जरा."