आजोबा, जावई आणि एक एंटर

बिलाच्या खिडकीवरची ताई परीक्षा पास झाली, तर तिघांचं भलं होणार होतं. ताईची रात्रपाळी सुटणार होती. यंत्रखोली सांभाळणाऱ्या काकांना लेकीकडे, नव्या नातीला बघायला जाता येणार होतं. आणि मी भंगारात जाण्यापासून वाचणार होतो. ताई पास झाली की तिच्यामागून आणखी कुणी शिकायला येणार, आणि शिकणारं कुणी आहे तोवर सरावाला जुनं यंत्र लागतंच.

मित्रांनो, मी या रुग्णालयाचा जुना सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची माहिती सांभाळणारा संगणक. मी भरात होतो तेव्हा प्रयोगशाळेचा प्रत्येक अहवाल माझ्या पोटात असायचा आणि मोठमोठे डॉक्टर माझ्यावाचून अडून बसायचे. मग नवा सर्व्हर आला. त्याच्यासाठी खोली थंड केली, सगळ्यांना चपला दाराबाहेर काढायला लावल्या. एवढे लाड बघून काकांनी त्याचं नाव ठेवलं ‘जावई’. मी ओघानंच ‘आजोबा’ झालो. मला कोपरा मिळाला आणि दोन कामं: रोज सकाळी जावयाकडच्या अहवालांची एक प्रत जपून ठेवायची, आणि ताईच्या हातचा मार खायचा.

ताई माझ्यावर लिनक्स, म्हणजे आम्हा सर्व्हरांना चालवणारी प्रणाली, शिकत होती. तिथे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचं. आमची एक खोड आहे. ‘नक्की ना?’ असं आम्ही सहसा विचारत नाही. पूस म्हटलं की पुसून मोकळे. म्हणून काकांचा दंडक होता की एंटरआधी हात उचलायचे आणि ओळीच्या सुरुवातीला दिसणारं यंत्राचं नाव आणि पुढची आज्ञा मोठ्यानं वाचायची.

“शाळेत कविता म्हणतेय असं वाटतं हो, काका.”

“म्हण की. टाळ्या मी वाजवतो.”

सराव खरा वाटावा म्हणून काकांनी माझ्यात जावयासारखाच, अगदी त्याच नावाचा कप्पा केला होता. आत सगळे खोटे अहवाल; खरी प्रत वेगळ्या कप्प्यात. परीक्षेच्या दिवशी ते म्हणाले, “आजोबांचा हा कप्पा पूस आणि पुन्हा उभा कर. जमलं, की यंत्रखोलीसाठी साहेबांकडे तुझं नाव देतो.”

ताई सुरू करणार, तोच फोन आला. छपाई अडली होती. ताई माझ्याच पडद्यावरून जावयाच्या घरात शिरली आणि तिनं अडलेलं काम सोडवलं. काका खूष! “वा! मला न विचारता केलंस.”

कौतुकानं माणूस फुलतो, आणि फुललेला माणूस मागे वळून बघत नाही. ताई परीक्षेकडे वळली, पण जावयाच्या घरातून बाहेर पडायचं विसरली. हातही उचलले नाहीत. पुसायची आज्ञा लिहिली. एंटर.

माहिती साठवणारी माझी चकती हललीच नाही. जावयाचा दिवा मात्र भराभर लुकलुकला. काय झालं ते मला कळलं, पण मला कुठे तोंड आहे?

फोन पुन्हा खणाणला. शस्त्रक्रियेच्या खोलीतली सिस्टर ओरडत होती, “ताई, अहवाल गेले कुठे सगळे? आजच दाखल झालेला तो पेंटर टेबलावर आहे. रक्त लागलं तर कुठल्या गटाचं देऊ?”

ताईनं ओळीची सुरुवात पाहिली. जावई. “काका, मी...”

“रडायचं नंतर. प्रत कुणाकडे आहे?”

“आजोबांकडे.”

“मग माग त्यांच्याकडे.” काकांनी हात पाठीमागे घेतले.

प्रतीच्या आज्ञेत दोन नावं असतात, आधी कुठून आणि मग कुठे. ती दुसऱ्याला हुबेहूब पहिल्यासारखं करते. पहिला रिकामा असेल, तर दुसराही रिकामा. आणि ताईनं नावं उलटी लिहिली! मित्रांनो, एक कळ दाबली असती, तर शेवटची प्रतही गेली असती.

दारात साहेब येऊन उभे. “किती वेळ?” ताईचं बोट एंटरला टेकलं. काका साहेबांकडे बघत होते. पडद्याकडे कुणीच नाही.

मग तिनं हात उचलले. साहेबांसमोर, मोठ्यानं: “जावयाकडून... आजोबांकडे.” ती थबकली. “नाही, नाही! आजोबांकडून जावयाकडे!”

“ह्या बाईंना बरं नाही का?” साहेबांनी काकांना हळूच विचारलं.

ताईनं नावं फिरवली, पुन्हा वाचली, एंटर दाबलं. माझी म्हातारी चकती कुरकुरली, पण एकेक अहवाल परत गेला. फक्त सकाळच्या प्रतीनंतरचे नव्हते. पेंटरचा त्यांतच होता.

मित्रांनो, आज्ञा खुशाल पाठ करा, पण एंटरआधी आपण कोणाच्या घरात आहोत ते वाचा. आणि कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावरची धूळ अधूनमधून झटका.

आता हिशेब. ताईनं सगळ्यांदेखत “मीच पुसले” असं सांगितलं. तिला यंत्रखोली मिळाली, पण उशिरा. काकांनी नात फोनवरच पाहिली. माझं भंगार टळलं. आणि ज्यानं जन्मात एक आज्ञा लिहिली नव्हती, त्या पेंटरच्या हाताला रक्तगट तपासायला पुन्हा सुई टोचली गेली. अजून भूल दिलेली नव्हती. तो तंत्रज्ञाला म्हणाला, “का हो, पहिलं रक्त पसंत नाही पडलं?”