चोरटा श्वास

"थांब, थांब! परत लाव ते."

आत्यानं हातातली बशी खाली ठेवली. धाकट्या भावाच्या निवृत्तीनिमित्त भाच्यानं मोबाइलवर गाणं बनवलं होतं. चार ओळी टाकल्या, 'बाईचा आवाज, भावपूर्ण' एवढं सांगितलं, की चहा गाळायच्या आत अख्खं गाणं तयार! घरभर कौतुक चाललं होतं.

"हा माझा आवाज आहे," आत्या म्हणाली.

"काहीतरीच काय आत्या! कॉम्प्युटरचा आहे तो."

"'उपकार' म्हणताना बघ, 'उप' झाल्यावर श्वास घेतलाय. एकटी गाणारी कुठली शहाणी असं करेल? हे कोरसवालीचं काम."

आत्याचा उभा जन्म कोरसमध्ये गेला. माइकपासून लांब, दहाजणींच्या घोळक्यात. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो, म्हणून जिनं तिनं शब्दाच्या पोटातच चोरून घ्यायचा. बाकीच्या सांभाळून घेतात. ती खोड अंगात मुरली ती मुरलीच. कामं बंद झाल्यावर तिला गाण्याचं एक फुकट अ‍ॅप सापडलं. रोज दुपारी दार लावून ती त्यात गायची, आयुष्यात पहिल्यांदाच एकटी, अख्खं गाणं. "त्या अ‍ॅपमधूनच उचलला माझा आवाज. मेल्यांनी तेवढंही सोडलं नाही!"

"ते अ‍ॅप याच कंपनीचं आहे गं," भाच्यानं मोबाइल चाळून सांगितलं. "पण तू 'मान्य आहे' दाबलं असशील ना? मग झालं तर! आणि लाखो लोक गातात तिथं. तुझाच कशावरून?"

आत्यानं भावाकडे पाहिलं. लहानपणी तिच्या रियाजानं रोज ज्याची झोपमोड व्हायची, तो हा. जगाचं राहू दे, यानं तरी ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

"ताई, आवाजासारखे आवाज असतात," तो म्हणाला. "लाव रे, अजून एक बनव."

"नाही होणार, बाबा. आजची फुकटची गाणी संपली. उद्या या म्हणतंय."

"मग मी गाते," आत्या म्हणाली.

ती उभी राहिली. तीच चाल, तेच शब्द, श्वासही तिथंच. शेवटच्या ओळीपर्यंत सूर ढळला नाही.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात भावाच्या.

"कमाल केलीत, वन्सं!" भावजय म्हणाली. "एकदा ऐकून किती हुबेहूब नक्कल!"

"मग! नकलांत आमची ताई पहिल्यापासून पटाईत," भाऊ अभिमानानं म्हणाला.

आत्या खाली बसली.

"जमलं थोडंफार," ती म्हणाली.