तुंगारेश्वरवर राहिलेले आभार

मी शाळेत पीटीचा मास्तर होतो, त्यामुळे घड्याळ अंगात भिनलेलं. निवृत्तीनंतर वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या साठीपुढच्या मंडळींचा डोंगर चढायचा ग्रुप काढला, तेव्हा पहिला नियम तोच केला. मी शिट्टी वाजवली की उठायचं. बारा वर्षांत आम्ही एकदाही उशिरा उतरलो नाही, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवत असे.

ग्रुपमध्ये हायम नवगावकर होता. बेने इस्राएल, मूळचा अलिबागकडचा. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यू असा तो एकटाच. बायको रिबेका वारली होती, मुलगा इस्राएलला. तुंगारेश्वरच्या देवळाच्या बऱ्याच वर आमचा ठरलेला कातळ होता, तिथून खाडी आणि मिठागरं दिसायची. तिथे डबे उघडायचे. आम्ही पोहे खायचो, हायम मात्र न चुकता पाव आणायचा. बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचा, पाव खायचा, मग टोपी नीट करून हिब्रूत लांबलचक प्रार्थना म्हणायचा. पोटभर पाव खाल्ला की देवाचे आभार मानायचे, चांगल्या जमिनीबद्दलही मानायचे, असं त्यांच्यात असतं.

"कुठल्या जमिनीबद्दल हो, हायमभाऊ?" ग्रुपमधल्या मंदाताईंनी एकदा विचारलं.

"शब्द तिकडच्या, इस्राएलच्या जमिनीचे," तो म्हणाला, "पण म्हणताना डोळ्यांपुढे हीच येते. जगात ठिकठिकाणी आमच्या लोकांना हाकललं, मारलं. इथे माझ्या आजोबांच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडली, तर ती त्यांच्या घाण्याचं तेल मागायलाच."

"आटप रे तुझं," मी म्हणायचो. चेष्टेने. निदान मला तरी ती चेष्टा वाटायची.

गेल्या फेब्रुवारीत त्याचा मुलगा त्याला न्यायला आला. हायमचे दोन्ही गुडघे गेलेले, फ्लॅट विकलेला, मंगळवारचं विमान. रविवारी तो हट्टाने आमच्याबरोबर चढला. चढला कसला, मी आणि ग्रुपमधल्या देवेंद्रने त्याला ओढतच वर नेलं. कातळावर पोचलो तेव्हाच अर्धा तास उशीर झाला होता, आणि मी धुसफुसत होतो.

त्याने सावकाश पाव खाल्ला, अगदी शेवटचा तुकडासुद्धा. मग समोर बघत बसला. मी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "हायम, ऊन चढतंय. तुझ्यापायी सगळ्यांना तापवायचं का?"

तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि मुकाट्याने उठला.

देवळापाशी उतरल्यावर तो थांबला. "मास्तर, प्रार्थना राहिली. मला वर जायला हवं."

"इथेच म्हण ना! देव काय फक्त कातळावर ऐकतो?"

"जो विसरतो त्याला आठवेल तिथे म्हटलेली चालते. मी विसरलो नव्हतो. तू शिट्टी वाजवलीस, चारचौघांत मला लाज वाटली, आणि मी उठलो. जाणूनबुजून उठलं की जिथे खाल्लं तिथेच परत जावं लागतं. पुन्हा भूक लागायच्या आत." तो दम खात थांबला. "या जमिनीवर बसून शेवटचं म्हणायचं होतं, मास्तर. आता मी काही परत येत नाही."

तो वळला. मी हात धरायला गेलो, तर त्याने झटकला. वीसेक पावलं चढला असेल आणि एका दगडावर बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. गुडघे दोन्ही हातांनी दाबत होता. देवेंद्र म्हणाला, "उचलून नेऊ." पण आम्ही सगळे सत्तरीचे. चार पावलांत आमचीच छाती भरून आली आणि त्याला खाली ठेवावं लागलं. मी घामाने निथळत होतो आणि मला माझीच शिसारी येत होती.

हायम तिथेच एका दगडावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने पोटावर हात ठेवला.

"भूक लागली मला," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

तो जूनमध्ये तिकडेच गेला. म्हणजे वारला. मुलाने फोनवर सांगितलं, बाबा रोज पाव खायचे, रोज प्रार्थना म्हणायचे, पण शेवटी शेवटी मध्येच थांबून विचारायचे, आपण कातळावर आहोत का?

पाऊस सरल्यावर एका रविवारी मी एकटाच वर गेलो. पाव नेला होता. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, पाव खाल्ला, डोक्यावर रुमाल टाकला. खाली खाडी होती, मिठागरं होती. हायमच्या वाटचं निदान दोन शब्द तरी म्हणू, एवढंच मनात होतं. बारा वर्षं ती प्रार्थना दर रविवारी ऐकली होती मी. एक शब्द आठवला नाही. तो म्हणत असायचा तेव्हा मी घड्याळ बघत असायचो.