मेलेल्या लेकाचे अकरा रुपये

"आलं! लेकराचं आलं!" दुर्गाबाई ओरडल्या आणि देहूच्या घाटावरची गर्दी त्यांच्या तुळशीमाळांच्या टपरीकडे धावली. टपरीवरचा स्पीकर नुकताच बोलला होता, 'अकरा रुपये प्राप्त झाले.' मोबाइलवर नाव होतं, नवनाथ जाधव.

दुर्गाबाईंचा एकुलता एक मुलगा नवनाथ जाधव. मागच्या वर्षी चाकणच्या एका कारखान्यात प्रेसखाली सापडून गेला. आता दर एकादशीला तोच वरून आईला पैसे पाठवतो, असं लोक मानायला लागले होते. बायका त्या स्पीकरला हळदकुंकू वाहत होत्या. शेजारीच माझं पूजासाहित्याचं दुकान. माझ्याही क्यूआर कोडवर दिवसभर पैसे येतात, पण सगळे जिवंत माणसांचे.

हा चमत्कार निरंजनमहाराजांचा. भगवी कफनी, कानात ब्लूटूथ. "माई, वरचा सर्व्हर कधी डाऊन नसतो! आत्म्याला ओटीपी लागत नाही, श्रद्धेची रेंज लागते!" लोक माना डोलवत.

त्या एकादशीला महाराजांनी आवाज खाली आणला. "नवनाथ अडकलाय, माई. कंपनीच्या भरपाईचे पैसे मठाला द्या, म्हणतोय. आणि वर्षालीला मठात सेवेला पाठवा, म्हणतोय. कायमची."

वर्षाली ही नवनाथची बायको. ती चाकणलाच कामाला जायची. त्या दिवशी सुट्टी टाकून टपरीवर आली होती.

"पाठवते, महाराज," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझ्या लेकराचा शब्द हाय."

दुर्गाबाई तो मोबाइल देवासारखा जपत, कुणाला हात लावू देत नसत. वर्षालीनं तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला आणि नावावर बोट टेकवलं. खाली पैसे पाठवणाऱ्याचा नंबर उघडला.

"आत्या, हा यांचा नंबर न्हाई."

"वर गेल्यावर नंबर बदलतो, पोरी!" महाराज झटकन म्हणाले. दोघेतिघे हसले.

वर्षालीनं तो नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"हॅलो?"

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"नवनाथ जाधव, दापोडीहून. रंगकाम करतो. तुमी कोण?"

गर्दी फोनकडे सरकली. वर्षालीनं विचारलं, "एकादशीला अकरा रुपये पाठवता, ते कुणाला?"

"ते व्हय? निरंजनमहाराजांनी कोड दिलाय. म्हणाले, एका माउलीला पाठवत जा, तुझं सगळं सुरळीत होईल. का, पोचले न्हाईत का?"

चमत्कार एवढाच. मोबाइलवर दिसतं ते पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव. या पट्ट्यात नवनाथ जाधव कितीतरी असतील. महाराजांना आपल्या भक्तांतच एक मिळाला होता.

महाराज गाडीकडे सटकले, तेव्हा माळकऱ्यांनी त्यांची वाट अडवली. मी पोलिसांना फोन लावला. दुर्गाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मोबाइल ओढून कानाला लावला.

"नवनाथ, जेवलास का रं?"

पलीकडचा माणूस घुटमळला. "व्हय मावशी, जेवलो."

वर्षालीनं हळूच फोन बंद केला. मग दुर्गाबाईंनी जो टाहो फोडला, तो ऐकून घाटावरची माणसं खाली बघत पांगली.

काही जण अजून म्हणतात, पोरीनं म्हातारीचा आधार काढून घेतला. मी त्यांना विचारतो, त्या आधारापायी एक जिवंत बाई मठात गाडायची होती का? बाबांनो, हात जोडण्याआधी नंबर बघा, प्रश्न विचारा. मेलेला माणूस काही पाठवत नाही आणि काही मागतही नाही. त्याच्या नावानं मागणारा मात्र तुमच्यासमोर उभा असतो.