एका ग्रॅमची ऊब

ममतानं दारव्ह्याच्या कॉलेजातून प्रयोगासाठी आणलेली बाटली बोटाएवढी होती. आत पिवळसर, तेलासारखं ओलेइक आम्ल. तिनं ते पणतीत ओतून वात पेटवली आणि वर दोनशे ग्रॅम पाण्याचं तांब्याचं भांडं टांगलं. ओसरीत जो वास पसरला, त्यानं सुपारी कातरणाऱ्या उत्तमसिंगाचा हात थांबला.

"हा वास तं मोहाच्या तेलाचा हाय!"

"त्या तेलातबी हेच असते, दादा." बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात आजोबाला दादाच म्हणतात.

एक ग्रॅम जळलं तेव्हा पाणी बावीस अंशांनी तापलं होतं. ममतानं दोनशेला बावीसनं गुणलं. चव्वेचाळीसशे कॅलरी. पुस्तक म्हणत होतं, साडेनऊ हजारांच्या आसपास. सकाळी वही द्यायची होती आणि बाटलीत उरलं होतं आणखी एका ग्रॅमपुरतं.

"काहून तोंड पाडून बसली वं?"

"अर्ध्याहून जास्त उष्णता हरवली. पुस्तकातलाच आकडा टाकून देते. सरले काय समजते!"

उत्तमसिंगानं अडकित्ता खाली ठेवला. पंचेचाळिसाव्या वर्षी तो साक्षरतेच्या वर्गात बसला होता. घरी मोहाच्या तेलाच्या दिव्यापुढे पाटी घेऊन बसला की वाऱ्यानं अक्षरं नाचायची. म्हणून बायकोनं, जमनीनं, फुटक्या माठाचं खापर दिव्याभोवती उभं केलं. परीक्षेत एक अर्ज लिहायचा होता. गुरुजी म्हणाले, मी लिहितो, तू फक्त सही कर. तशी जमनी दारातून ओरडली, "त्याले येते तेवढंच राहू द्या, गुरुजी! घरी कागद मले त्याच्याकडूनच वाचून घ्यायचे हायेत."

तो नापास झाला. अख्खा तांडा हसला. जमनीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा लावला.

तिला जाऊन चार वर्षं झाली होती. उत्तमसिंग उठला आणि चुलीमागून ते खापर घेऊन आला.

"हे लाव. पन जे येईल तेच लिव."

"एवढी वर्षं जपलं व्हय, दादा?"

"बोलू नको. वात पेटव."

खापराच्या आडोशाला ज्योत सरळ उभी राहिली. या वेळी एकतीस अंश. बासष्टशे. बाटली रिकामी झाली.

"अजून तीन हजारावर कमी हाय. कुठं गेली असन?"

उत्तमसिंगाचे दोन्ही तळवे नकळत खापराला लागले होते. तो बाराखडी वाचायचा तेव्हा जमनी अशीच बसायची. म्हणायची, लवकर पास नको होऊ, थंडीत मले हेच बरं हाय.

"हात लावून पाय, किती तापलं," तो म्हणाला.

ममतानं हात लावला. मग वही ओढून तिनं बासष्टशे लिहिलं आणि त्याखाली कारण लिहायला लागली. उत्तमसिंग तिच्या खांद्यावरून एकेक अक्षर लावत होता. 'उरलेली उष्णता हवेला आणि खापराला...'

"आन् हाताइले?"

"हातबी लिवू?"

"लागली नं. मंग लिव."

ती हसली आणि तिनं तेही लिहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. खापर कोमट होतं तोवर त्यानं हात काढले नाहीत.