खत नेलं, खड्डा राहिला

मी खतखड्डा बोलतोय. भीमेच्या काठी, करमाळा तालुक्यातल्या एका गावात, धोंडीरामच्या गोठ्यामागं मी आहे. आता गोठा नाही, धोंडीरामही नाही. पण पत्ता म्हणून दुसरं काय सांगू?

धोंडीरामनं मला त्याच्या लग्नाच्या वर्षी खणलं. नवी नवरी बजाबाई शेणाची पाटी घेऊन माझ्या काठावर आली आणि तेव्हापासून रोज येत राहिली. शेण, गुरांनी खाऊन टाकलेली वैरणीची चगळ, चुलीतली राख, भाजीची देठं, अंगणातली झाडलोट, जे घराला नको ते माझ्याकडं यायचं. थर झाला की ती पाणी शिंपडून वर माती पसरायची. मग मी आतून तापायचो. थंडीत माझ्या अंगातून वाफ निघाली की ती वर हात धरून उभी राहायची. उन्हाळ्याच्या शेवटी मला उकरलं की काळं, भुसभुशीत खत निघायचं. त्याला घाण येत नसे, नांगरलेल्या रानासारखा वास येई.

माणसं माझ्याजवळ थांबत नाहीत. नाकाला पदर लावून पाटी ओततात आणि वळतात. बजाबाई तेवढी थांबायची. तिचं तान्हं मूल तापानं गेलं, तेव्हा सासू म्हणाली, "रडू नगं, दुसरं हुईल." मग ती घरात रडली नाही. पाटी रिकामी करून माझ्याकडं तोंड करून रडायची. दुसरं मूल झालंच नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली. शेण नाही, चगळ नाही. मी कोरडा पडलो. तरी ती यायची. "एवढी राखच हाय बग," म्हणत ओंजळभर टाकून जायची.

दुष्काळ सरला, बैल परत आले, मी पुन्हा भरत आलो. आणि मग उजनीच्या धरणात आमचं गाव बुडणार हे नक्की झालं. धोंडीराम सरकारनं दिलेली नवी जमीन बघून आला आणि गोठ्यात येऊन मटकन बसला.

"नुसता मुरूम हाय. कुसळ बी उगवायचं न्हाय तितं."

"मग खत नेऊ की," बजाबाई म्हणाली.

"खुळी का काय? गाडी एक. वासं न्यायचं, दारं न्यायची. खतासाटी खेपा घालू व्हय?"

"दारं तितं बी मिळत्याल. हे कुटं मिळंल? लई वर्सं घातल्यात मी ह्यात."

धोंडीराम उठला. गाडीत चढवलेली दाराची चौकट त्यानं खाली उतरवली.

"भर पाटी," तो म्हणाला.

गल्लीतली माणसं हसली. "लोक देव नेत्यात, हिनं उकिरडा नेला!" बजाबाई पाट्या भरत राहिली. शेवटच्या खेपेला ती माझ्यात उतरली, तळाचं खत हातांनी खरवडून तिनं पाटीत भरलं. वर चढून पदर खोचला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "येते."

निघताना आमच्याकडं 'जाते' कुणी म्हणत नाही, 'येते'च म्हणतात. मला ते ठाऊक होतं. तरी मी वाट पाहिली.

गाव उठून गेलं. सकाळ झाली की माझे कान पाटीच्या आवाजाकडं लागायचे. एकदा शेजारचा बाळासो राहिलेलं जातं न्यायला आला. सोबतीच्या गाडीवानाला सांगत होता, "धोंडीरामच्या रानात ज्वारी आलीया. खत टाकलं तेवढाच तुकडा हिरवा, बाकी माळ. आन बजाबाईनं पयला खड्डा खणला, मग भिंती घातल्या."

ऐकून बरं वाटलं. मग दिवसभर काहीच बरं वाटलं नाही. तिला नवा खड्डा मिळाला होता.

तुम्ही कुठंही घर करा, मागच्या अंगाला एक खड्डा खणा. शेण, देठं, पाचोळा ओढ्यात लोटू नका, त्यात टाका. आणि पाटी ओतल्यावर घडीभर थांबा. खड्ड्यालाही कुणी लागतं.

काल नदी रानं ओलांडून आली. आज माझ्या तळाला ओल चढली आहे. आजवर जे माझ्यात पडलं, त्याचं मी खत केलं. पाण्याचं काय करायचं, ते मला येत नाही.