रातांब्याचं चौथं पुट

कुंभिवलीहून मेहुणा सकाळीच आला. डोक्याला पागोटं नव्हतं, तेव्हाच पोशानं ओळखलं. आजारी आईला बघायला माहेरी गेलेली त्याची बायको सुंदरा दोन दिवसांच्या तापात गेली होती.

पोशा तसाच मेहुण्यामागं निघाला. माहेरी जाताना ती बजावून गेली होती, "रातांब्याच्या सालांना रोज मिठाच्या रसाचं पुट द्या. सात पुटांबिगर आमसूल व्हत नाय. आन् भुंग्या कुत्र्याला रसाच्या मडक्याजवळ येऊ देऊ नका." तीन पुटं त्यानं दिली होती. आज ना मडकं झाकलं, ना कुत्र्याला पाणी ठेवलं.

तिला मसणात पोचवून तो दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या गावी, कडावला परतला, तर अंगणात निम्मी आळी जमलेली. भुंग्या कुडाशी झोकांड्या खात होता. तोंडाला लाल फेस. आळीतल्या सखानं कुऱ्हाड उचललेली.

"पिसाळलंय," शेजारची ठकी ओट्यावरूनच म्हणाली. "मागं सर पोशादादा, नायतर तूबी भुंकत बसशील."

"सुंदराचा कुत्रा हाय त्यो."

"म्हून काय आख्ख्या गावाला चावू द्यायचा?" सखा पुढं आला.

तेवढ्यात पोशाला कोपऱ्यातलं मडकं दिसलं. आडवं पडलेलं, चाटूनपुसून कोरडं. तो धावला, भुंग्याचा जबडा धरला, फेसात बोट बुडवलं आणि सरळ चाटलं.

"गेला ह्योबी," ठकी म्हणाली.

आंबट. वर मीठ.

"रातांब्याचा रस प्यालाय ह्यो, मिठाचा. सखा, कुऱ्हाड ठेव आन् पाणी आण."

"पिसाळलेलं पाण्याला भितं, ध्यानात ठेव."

"मग बघू की."

सखानं लांबूनच काठीनं पाण्याची परात सरकवली. भुंग्यानं वास घेतला आणि मान फिरवली. सखानं पुन्हा कुऱ्हाड उचलली. पोशानं ओंजळ भरून पुढं धरली. भुंग्यानं एकदा जीभ लावली, पुन्हा लावली, मग परातीत तोंड घातलं ते वर काढीना.

"दमानं रं, दमानं." पोशा परात ओढून घेई, जरा थांबे, पुन्हा पुढं सरकवी.

"वाईच ताक पाज की त्याला," ठकी म्हणाली.

"आंबटावर आंबट व्हय गं?"

भुंग्या लालभडक ओकला आणि शेपूट हलवू लागला. माणसं हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा पोशाही हसला.

सालं बांबूच्या तट्ट्यावर तशीच पडून आहेत. रस संपला. चार पुटं द्यायची राहिली.